लाइफ किती उरल्या?

१९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातात तसतसे उरलेले जोरात धावतात. कारण? पडद्यावरची चित्रं घटली की प्रोसेसरचं ओझं हलकं व्हायचं, बस्स! हा खेळ बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंना ही गंमत आवडली, म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. मशीनचा दम वाढायचा आणि खेळणाऱ्याला धाप लागायची.

अडलात तर? ‘इन्फोकॉम’ कंपनी आपल्या खेळांसाठी अदृश्य शाईत छापलेली पुस्तिका विकायची. खास पेन फिरवलं की उत्तर उमटायचं, तेही आधी नुसता इशारा आणि मग खुलासा. (गाइडच्या जिवावर पास झालेल्यांना ही संयमाची परीक्षा झेपली नसती.) निन्टेन्डोने तर अमेरिकेत फोनवर सल्लागारच बसवले होते. मुलगा काय करतो? मारिओला वाट सांगतो. पगार मिळतो!

खुद्द ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मात्र एक शब्द न बोलता शिकवतो. सुरुवातीलाच ठोकळ्याला डोकं आपटलं की अळंबी बाहेर पडते, पाइपला धडकून उलटी आपल्याच अंगावर येते, आणि टाळता टाळता लागतेच. मारिओ मरतो का? छे, मोठा होतो! धडा संपला. पुढच्या वर्षीच्या जपानी भागात याच अळंबीत विष कालवलं. तो इतका अवघड निघाला की अमेरिकेला त्याऐवजी ‘डोकी डोकी पॅनिक’ हा वेगळाच खेळ मारिओचे कपडे चढवून पाठवला.

कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंना ‘ग्रेडियस’ची चाचणी घेताना तो खेळ स्वतःलाच झेपेना. मग त्यांनी गुपचूप एक मंत्र घातला: वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए. हाच मंत्र ‘कॉन्ट्रा’त ३० लाइफ देतो. नव्वदीत टीव्हीला डबा जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारून, पहिल्याच राउंडला आऊट झालेल्यांनी आता हळहळू नये.

२००९च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये आठ वेळा मेलात की हिरवा ठोकळा येतो. तो ठोकला की लुइजी तो टप्पा स्वतः खेळून दाखवतो, शाळेचा प्रकल्प आईने करून द्यावा तसा. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ (२००५) त्याहून लबाड. तुम्ही सारखे मरत असाल तर तो न सांगता सोपा होतो. कॅरममध्ये बाबा मुद्दाम हरायचे, तसंच हे. मला नाही आवडत.

‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) इतर खेळाडूंनी जमिनीवर सोडलेले निरोप दिसतात. बरेच खरे असतात. काही मात्र नेमके कड्याच्या टोकाशी: पुढे खजिना आहे.