वीज न अडवणारा सिरॅमिक थर: सगळं अवलंबून खालच्या पायावर

द्राक्षाची बाग कशी चालणार, हे बरंचसं खालच्या खुंटावर ठरतं. सुपरकंडक्टर म्हणजे अतिवाहक थराचंही तसंच आहे. थर कितीही चांगला असो, ज्यावर तो चढवला तो पाया म्हणजे सबस्ट्रेट जुळला नाही, तर मेहनत वाया जाते.

अतिवाहक म्हणजे काय?

तांब्याच्या तारेतून वीज जाताना तार तापते आणि काही वीज फुकट जाते. अतिवाहक पुरेसा थंड केला की त्याचा विजेला होणारा अडथळा संपतो. १९८७ मध्ये यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं ‘वायबीसीओ’ हे सिरॅमिक सापडलं. ते उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच अतिवाहक होतं. त्यामुळे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन त्याला पुरतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच हा नायट्रोजन.

पाया का महत्त्वाचा?

हे सिरॅमिक ठिसूळ आणि कणाकणांचं असतं. सगळे कण एका ओळीत असले तरच वीज भरपूर वाहते. शेजारच्या दोन कणांत दहा-पंधरा अंशांचा तिरपेपणा आला, तरी विजेची क्षमता कित्येक पटींनी घटते. थर वाढताना कण खालच्या पायाची ओळ धरतात.

स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकातलं अणूंचं अंतर वायबीसीओशी जवळपास जुळतं. त्यावर थर छान बसतो, पण मोबाइल टॉवरसारख्या मायक्रोवेव्ह कामाला तो पाया चालत नाही. तिथे मॅग्नेशियम ऑक्साइड बरा. त्याचं अंतर मात्र सुमारे ९ टक्के वेगळं असल्याने थर जपून चढवावा लागतो.

सिलिकॉन स्वस्त, पण अडचणी दोन. थर साधारण ७०० ते ८०० अंशांवर चढवतात, तेव्हा सिलिकॉन त्याच्याशी रासायनिक क्रिया करतं. मग थंड होताना वायबीसीओ जास्त आकसतं, सिलिकॉन कमी. त्या ओढाताणीत थर जरा जाड असला की तडकतो. म्हणून मध्ये दुसऱ्या ऑक्साइडचा थर घालतात. क्रिया त्याने थांबते, तडकण्याचा धोका मात्र राहतोच.

तारेचं काय?

स्फटिक लहान आणि महाग. तार तर किलोमीटरभर लागते. त्यामुळे निकेलच्या मिश्रधातूची पातळ पट्टी घेतात. धातूचे कण अस्ताव्यस्त असतात, म्हणून तिच्यावर आयनांच्या झोताच्या मदतीने मॅग्नेशियम ऑक्साइडचा ओळीत लागलेला थर बसवतात. धातू वर झिरपू नये म्हणून आणखी थर असतात. सगळ्यांच्या वर अतिवाहक, तोही जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा.

अशाच पट्ट्यांच्या चुंबकाने सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत २० टेस्ला क्षेत्र गाठलं. तो चुंबक अणु-संमीलनातून वीज बनवण्याच्या प्रयत्नाचा भाग आहे. पट्टीत वीज वाहून नेणारा थर नावापुरता असतो. बाकी जवळपास सगळी जाडी पाया आणि त्याला जपणाऱ्या थरांची. पट्टी महाग पडण्याचं एक मोठं कारणही हेच.