कलुश: रोमानियातील उपचारनृत्य आणि त्यामागच्या लोकसमजुती

आग्नेय युरोपातील रोमानिया या देशाच्या दक्षिणेला, डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडील सपाट प्रदेशात, ओल्टेनिया आणि मुंतेनिया हे दोन जुने प्रांत आहेत. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी तेथे 'रुसाली' हा सण येतो. त्या सुमारास पायाला घुंगरे बांधलेले आणि हातात काठ्या घेतलेले पुरुष गावात घरोघरी नाचत फिरतात. या नृत्यविधीला 'कलुश' म्हणतात आणि नाचणाऱ्यांना 'कलुशारी'. तुम्ही याची एखादी चित्रफीत पाहिली असेल, तर ती बहुधा रंगमंचावरची असेल. त्यात उंच उड्या, जमिनीवर टाचांचा ठेका आणि व्हायोलिनची जलद लय दिसते, पण आजारी माणूस दिसत नाही. मूळ जागी मात्र हे नृत्य म्हणजे उपचार होता. गावकऱ्यांनी उपचार म्हणून नृत्यच का निवडले, हे आपल्याला या टिपणात समजून घ्यायचे आहे.

आधी नावाविषयी थोडे. रोमानियन भाषेत घोड्याला 'काल' म्हणतात, म्हणून 'कलुश' म्हणजे छोटा घोडा, असा एक अर्थ लावला जातो. 'कलुश' म्हणजे बोलता येऊ नये म्हणून तोंडात धरायचा लाकडाचा तुकडा, असाही अर्थ आहे, आणि या विधीत मौनाला महत्त्व असल्याने तोही पटण्याजोगा वाटतो. अभ्यासकांचे यावर एकमत नाही. आपल्या 'कलुष' या शब्दाशी मात्र याचा काहीही संबंध नाही.

आता आजाराची कल्पना पाहू. लोकसमजुतीनुसार 'येले' नावाच्या सुंदर, अदृश्य स्त्रिया रात्री माळावर, विहिरीपाशी किंवा झाडांखाली रिंगण धरून नाचतात. सणाच्या नावावरून त्यांनाही 'रुसाली' म्हणतात. त्यांचे नाव उघडपणे घेणे टाळतात, 'त्या' किंवा 'सुंदरी' असे आडवळणाने म्हणतात. त्या जेथे नाचल्या तेथील गवत करपते, अशी समजूत आहे. त्या जागी पाय ठेवणारा, त्यांचे नाचणे पाहणारा किंवा त्यांच्या दिवसांत शेतात वा घरात निषिद्ध काम करणारा माणूस आजारी पडतो. हातपाय लुळे पडतात, तोंड वाकडे होते, वाचा जाते, अंगाला झटके येतात किंवा माणूस वेड्यासारखे वागू लागतो. अशा रोग्याला 'रुसालींनी धरले' असे म्हणतात. सगळेच आजार या वर्गात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. साध्या ताप-खोकल्यासाठी कोणी कलुशारींना बोलावत नसे.

बचावासाठी दोन वस्तू लागतात: लसूण आणि पेलिन. पेलिन ही कडू, उग्र वासाची वनस्पती आपल्या दवण्याच्याच प्रजातीतली आहे. वनस्पतिशास्त्रात दोघींच्याही नावाचा पहिला शब्द 'आर्टेमिसिया' असाच आहे. रुसालीच्या आठवड्यात लोक पेलिन कमरेला खोचतात आणि उशाखाली ठेवतात.

उपचार करणारा गट कोणीही उठून काढलेला नसतो. गटात नर्तकांची संख्या विषम असते, बहुधा सात, नऊ किंवा अकरा. त्यांच्या प्रमुखाला 'वताफ' म्हणतात. विधीचे ज्ञान त्याच्याकडे असते आणि ते तो आपल्या निवडीच्या वारसालाच देतो. सणाच्या आदल्या दिवशी गावाच्या वेशीवर किंवा पाण्याकाठी एक लांब काठी उभारली जाते. तिच्या टोकाला कापड, लसूण आणि पेलिन बांधलेले असते. हे त्यांचे निशाण. त्याच्या साक्षीने सर्वजण शपथ घेतात: वताफाची आज्ञा पाळायची, गट सोडायचा नाही आणि सणाच्या काळात स्त्रीसंगापासून दूर राहायचे. निशाण जमिनीवर पडू द्यायचे नाही. शपथ मोडणाऱ्याला येले स्वतःच धरतात, अशी भीती असते. म्हणजे रोग्याला जो धोका, तोच धोका वैद्यालाही. याच मुद्द्यावर पुढचा सगळा विधी उभा आहे.

गटात एक विलक्षण पात्र असते, ते म्हणजे 'मुका'. त्याच्या तोंडावर मुखवटा असतो, हातात लाकडी तलवार असते आणि बरोबर लाकडाचे लिंगही बाळगलेले असते. तो बोलत नाही, पण अश्लील विनोद करतो, बायकांना घाबरवतो, प्रेक्षकांना रिंगणाबाहेर ढकलतो. पाहुण्यांना तो विदूषक वाटतो. गावकरी मात्र त्याला वचकून असतात.

या विधीचे जुने आणि तपशीलवार वर्णन मोल्दाविया राज्याचा शासक आणि विद्वान दिमित्रिए कान्तेमिर याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे. त्याच्या काळी नर्तक स्त्रीवेश घालत, चेहरा पांढऱ्या कापडाने झाकत, आवाज बायकी काढत आणि हातात नंगी तलवार धरत. गटात शिरलेल्याला नऊ वर्षे त्यात राहावे लागे. दोन गट समोरासमोर आले तर लढाई होई. स्त्रीवेशाचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. येलेंशी सामना करायचा तर काही अंशी त्यांच्यासारखेच व्हावे लागते, हा विचार त्यात दिसतो.

आता प्रत्यक्ष उपचार. पहिला टप्पा निदानाचा. रोग्यासमोर वादक एकामागून एक वेगवेगळ्या चाली वाजवतात. एखाद्या चालीला रोग्याचा पाय हलला, बोटे थरथरली, चेहऱ्यावर काही उमटले, तर वताफाला खूण पटते: याला रुसालींनीच धरले आहे आणि याच चालीवर उपचार होईल. कुठल्याच चालीला प्रतिसाद आला नाही, तर हा आजार आपल्या हातातला नाही असे सांगून गट निघून जातो. तुमच्यापैकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना येथे कंपनचाचणी आठवेल. अनोळखी यंत्रणेला वेगवेगळ्या वारंवारितेचे धक्के द्यायचे आणि ती कशाला दाद देते ते टिपायचे. साम्य एवढेच आहे, ते फार ताणू नका. पण 'नाही' हे उत्तर संभवते अशी चाचणी या विधीत आहे, हे मात्र नोंदवून ठेवा.

दुसरा टप्पा उपचाराचा. रोग्याला अंगणात घोंगडीवर निजवतात. त्याच्याजवळ पाणी, लसूण आणि पेलिन घातलेले नवे मातीचे मडके आणि एक कोंबडी ठेवतात. कलुशारी त्याच्याभोवती रिंगण धरतात. आधी चालीवर साधे फिरणे, मग अवघड पदन्यास, पुन्हा फिरणे, असा क्रम चालतो आणि लय वाढत जाते. नर्तक रोग्याच्या अंगावरून उड्या मारतात, निशाणाचा स्पर्श करतात. लय टिपेला पोचली की वताफ काठीच्या फटक्याने मडके फोडतो. पाणी रोग्याच्या अंगावर उडते, तो दचकून उठतो. कोंबडीचा बळी जातो. त्याच क्षणी एक किंवा अधिक नर्तक भान हरपून कोसळतात. रोग्यातला आजार त्यांच्यात गेला, असे मानले जाते. मग बाकीचे सहकारी नाचूनच त्यांना शुद्धीवर आणतात.

नृत्यच का, या प्रश्नाचे उत्तर या क्रमातच आहे. आजार नाचणाऱ्यांनी दिला, म्हणून तो नाचूनच परत घ्यायचा. येलेंचे रिंगण रोग बांधते, कलुशारींचे रिंगण तो सोडवते. आणि आजार नाहीसा होत नाही, तो कोणाला तरी अंगावर घ्यावा लागतो. म्हणून शपथ, ब्रह्मचर्य, लसूण ही सगळी तयारी त्या घेणाऱ्यासाठी असते. इटलीच्या दक्षिण टोकाला सालेन्तो भागात कोळी चावल्याच्या समजुतीवर असाच संगीतोपचार होता. एर्नेस्तो दे मार्तिनो या अभ्यासकाने 1959 मध्ये तेथे जाऊन त्याचा अभ्यास केला. तेथेही चाली बदलून निदान होत असे, पण नाचायचे रोग्याने. कलुशमध्ये रोगी निजलेला असतो आणि समाज त्याच्यासाठी नाचतो. हा फरक लहान नाही.

रोगी खरोखर बरे होत का? असा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. मेंदूतील रक्तस्रावाने आलेला पक्षाघात मडके फुटल्याने जात नाही. पण काही रुग्णांत चेतासंस्थेला इजा नसताना हातपाय लुळे पडतात किंवा वाचा जाते, हे आजचे वैद्यकही मान्य करते. मोठा मानसिक ताण हे त्याचे एक कारण असू शकते. अशा माणसाला सगळे गाव भोवती जमल्याने, आजाराला नाव मिळाल्याने आणि शेवटच्या त्या दचक्याने आराम पडणे अशक्य नाही. जुन्या वर्णनांवरून कोणता रोगी कोणत्या प्रकारचा होता हे ठरवता येत नाही, म्हणून त्यापलीकडे जाऊ नये. 'निव्वळ अंधश्रद्धा' असा शेरा मारणेही सोपे आणि 'प्राचीन विज्ञान' म्हणणेही सोपे. परीक्षेत दोन्ही लिहू नका.

चर्चला हा प्रकार पसंत नव्हता. कलुशारींना काही काळ पवित्र प्रसादविधीपासून दूर ठेवले जाई, असे उल्लेख सापडतात. विसाव्या शतकातला बदल त्याहून मोठा होता. कम्युनिस्ट राजवटीत, विशेषतः 1976 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय महोत्सवामुळे, कलुश रंगमंचावर स्थिरावले. शासनाला राष्ट्रीय कला हवी होती, येले नको होत्या. मंचावर रोगी नसतो, त्यामुळे कोसळणारा नर्तकही नसतो आणि शपथेचे कारणही उरत नाही. उड्या मात्र अधिक उंच झाल्या. अमेरिकी अभ्यासक गेल क्लिगमन यांनी 1970च्या दशकात गावांत राहून हा विधी अभ्यासला आणि 1981 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे या संक्रमणाची चांगली नोंद आपल्याकडे आहे.

युनेस्कोने 2005 मध्ये कलुशला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले आणि 2008 मध्ये प्रातिनिधिक यादीत त्याचा समावेश केला. यादीत आलेले कलुश आणि घोंगडीभोवतीचे कलुश एकच मानायचे का, याचा विचार तुम्ही स्वतः करा. निजलेल्या रोग्याभोवतीचा पूर्ण विधी आता क्वचितच होतो. पण ओल्ट नदीच्या परिसरातील गावांत रुसालीला कलुशारी अंगणात आले की आया आजही लहान मुले त्यांच्या हाती देतात. मुलाला घेऊन नर्तक एक फेरी नाचतो, म्हणजे वर्षभर ते निरोगी राहील. शेवटच्या दिवशी निशाण उतरवून पुरतात किंवा मोडतात, त्यावरचा लसूण आणि पेलिन वाटून घेतात, आणि नर्तक एकमेकांकडे वळून न पाहता आपापल्या घरी जातात.