सदनिका-संकुलांची निगा : तरुणांसाठी एक सेवाव्यवसाय

मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. एकत्र राहणाऱ्या कुटुंबांनी आपल्या इमारतींचा कारभार स्वतःच पाहावा, ही कल्पना त्या काळी आपल्याकडे नवी होती. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदल्या गेल्या आहेत. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांच्या सीमा ओलांडून सदनिकांची संकुले लगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतही उभी राहिली आहेत.

इमारत बांधून होते, ताबा मिळतो, संस्थेची नोंदणी होते. परंतु खरे काम त्यानंतर सुरू होते. पंप, लिफ्ट, जनित्र, जलटाक्या, अग्निशमन व्यवस्था, सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा यांची नित्य देखभाल करावी लागते. हिशेब ठेवणे, वर्गणी वसूल करणे, सभा बोलावणे हीही कामे असतात. व्यवस्थापक समितीचे सचिव व खजिनदार हे बहुधा नोकरी-व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात ही जबाबदारी वाहतात. पंप बंद पडला की धावाधाव, आणि सुरू झाला की विस्मरण, असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. ही उणीव भरून काढणारा व्यवसाय म्हणजे संकुल-व्यवस्थापन होय.

कामाचे स्वरूप

या व्यवसायात तीन प्रकारची कामे येतात. पहिले तांत्रिक देखभालीचे. दुसरे स्वच्छता, सुरक्षा व बागकाम यांसाठी मनुष्यबळाच्या देखरेखीचे. तिसरे कार्यालयीन, म्हणजे देयके काढणे, पावत्या देणे, नोंदवह्या ठेवणे व सभांची तयारी करणे. नवोदिताने तिन्ही कामे एकदम अंगावर घेऊ नयेत. ज्या कामाचे स्वतःला ज्ञान आहे, तेथून आरंभ करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा नळकारागीर म्हणून बाहेर पडलेला तरुण आणि हिशेबाचे ज्ञान असलेला वाणिज्य पदवीधर एकत्र आले, तर व्यवसायाचा पाया भक्कम होतो.

काम हाती घेण्यापूर्वी संकुलाची पाहणी करून नोंद करावी. टाक्यांची क्षमता किती, पंप किती अश्वशक्तीचे, कोणत्या यंत्राचा देखभाल करार कधी संपतो, गळती कोठे आहे, हे सर्व लिहून काढावे. उदाहरणार्थ, ६० सदनिकांच्या संकुलात प्रत्येक घरी सरासरी पाच माणसे धरली आणि दरडोई १३५ लिटर हे प्रमाण मानले, तर दररोज ४०,५०० लिटर पाणी लागते. प्रत्यक्ष वापर याहून बराच अधिक आढळल्यास गळतीचा शोध घ्यावा. अशा साध्या गणितानेच संस्थेचा पैसा वाचतो आणि व्यवस्थापकावरील विश्वास वाढतो.

करार कोणाशी?

बहुतेक संकुले महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असतात. काही ठिकाणी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० नुसार सदनिकाधारकांचा संघ असतो. जेथे संस्था अद्याप स्थापन झालेली नाही, तेथे देखभालीची जबाबदारी विकासकाकडे असते. म्हणून करारावर सही करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, हे प्रथम तपासावे. संस्थेच्या बाबतीत समितीचा ठराव आणि मर्यादेबाहेरील खर्चास सर्वसाधारण सभेची मंजुरी आवश्यक असते.

व्यवस्थापक नेमला म्हणून समितीची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. निर्णय समितीने घ्यावयाचा व अंमलबजावणी व्यवस्थापकाने करावयाची, ही मर्यादा उभय पक्षांनी पाळावी. संस्थेची रक्कम कधीही व्यवस्थापकाच्या खात्यात जाऊ नये. वर्गणी थेट संस्थेच्या बँक खात्यात जमा व्हावी आणि धनादेशावर पदाधिकाऱ्यांच्याच सह्या असाव्यात. या व्यवसायातील बहुतेक तंटे हा नियम मोडल्यानेच उद्भवतात.

निधी व हिशेब

आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान आकारले जाते. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निक्षेप निधीसाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी ठरविलेली आहे. बांधकाम खर्च २० लाख रुपये धरल्यास एका सदनिकेमागे या रकमा अनुक्रमे १५,००० व ५,००० रुपये होतात. ६० सदनिकांच्या संकुलात वर्षाला ९ लाख व ३ लाख रुपये जमू शकतात. मासिक वर्गणी कमी दिसावी म्हणून हे निधी न जमविणाऱ्या संस्थांना पुढे मोठ्या दुरुस्तीच्या वेळी एकरकमी भार सोसावा लागतो, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यामुळे सर्वांचेच काम अडून राहते. ही गोष्ट सभासदांना आकड्यांनिशी समजावून देणे हे चांगल्या व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे.

तारखांचे भान

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत असते.

नव्या संकुलांत आणखी एक मुदत महत्त्वाची आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले संरचनात्मक व बांधकामाच्या दर्जाचे दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. भिंतीतील ओल किंवा गच्चीची गळती वेळेत लेखी कळविली नाही, तर तोच खर्च पुढे सदनिकाधारकांवर पडतो. व्यवस्थापकाच्या भिंतीवर या सर्व मुदतींचा तक्ता असलाच पाहिजे.

कामगारांची सुरक्षितता

या व्यवसायातील सर्वांत गंभीर जबाबदारी माणसांच्या जिवाची आहे. मैलाटाकी किंवा बंदिस्त गटारात विषारी वायू साचतात व प्राणवायू कमी होतो. वरून काहीच दिसत नाही; आत उतरलेला कामगार काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला वाचविण्यासाठी धावलेला सोबतीही त्याच मार्गाने जातो. अशा ठिकाणी संरक्षक साधनांविना माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. गटारातील मृत्यूबद्दल किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तथापि भरपाईने माणूस परत येत नाही. मैलाटाकी उपसण्यासाठी शोषणयंत्र असलेली गाडीच बोलवावी. बराच काळ बंद असलेल्या भूमिगत जलटाकीतही वायुवीजनाची व्यवस्था व बाहेर दक्ष माणूस असल्याशिवाय कोणास उतरवू नये. ‘थोडेसेच काम आहे’ म्हणून आग्रह झाला, तरी व्यवस्थापकाने ठाम नकार द्यावा.

सुरक्षारक्षक पुरवावयाचे असल्यास २००५ च्या खासगी सुरक्षा अभिकरण कायद्याखालील परवाना लागतो. दहा वा अधिक कामगार असल्यास कर्मचारी राज्य विमा आणि वीस वा अधिक असल्यास भविष्यनिर्वाह निधी यांच्या तरतुदींकडे लक्ष द्यावे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते.

भांडवल व उत्पन्न

उदाहरणादाखल, पाच संकुलांतील ३०० सदनिकांची देखरेख सदनिकेमागे दरमहा १५० रुपये मोबदल्याने स्वीकारली, असे समजू. मासिक उत्पन्न ४५,००० रुपये होईल. पर्यवेक्षकाचा पगार २०,०००, अर्धवेळ हिशेबनीस १०,०००, कार्यालय ५,००० आणि प्रवास व दूरध्वनी ६,००० असा ४१,००० रुपये खर्च वजा जाता केवळ ४,००० रुपये उरतील. सदनिकांची संख्या ५०० झाली व खर्च १२,००० रुपयांनी वाढला, तर उत्पन्न ७५,००० आणि शिल्लक २२,००० रुपये होईल. म्हणजेच पहिल्या वर्षी जम बसविण्यावर भर द्यावा लागतो.

मनुष्यबळही आपणच पुरविले, तर खेळत्या भांडवलाचा प्रश्न येतो. संस्थेकडून देयक मिळण्यास महिना-दीड महिना लागू शकतो. कामगारांचे वेतन मात्र पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिलेच पाहिजे. बारा कामगारांना प्रत्येकी १५,००० रुपये वेतन धरल्यास दरमहा १ लाख ८० हजार, म्हणून दोन महिन्यांचे ३ लाख ६० हजार रुपये हाताशी असावेत. संस्थेने पैसे दिले नाहीत म्हणून कामगाराचे वेतन थांबविणे हा मार्ग नव्हे. भांडवलासाठी २०१९ पासून राबविल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळू शकते.

मार्गदर्शनाची गरज

प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना हिशेब, पत्रव्यवहार व उपविधी यांची तोंडओळख करून दिली, तर हाताच्या कसबाला व्यवसायाचे रूप येईल. शहरालगतच्या पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील संकुलांना गावातील प्रशिक्षित तरुणांची माहिती द्यावी. ज्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, त्या गावच्या मुलांना तेथे पहाऱ्याखेरीज अन्य काम मिळू नये, हे योग्य नाही.

इमारत सिमेंट व पोलाद यांनी उभी राहते. ती टिकते मात्र वेळच्या वेळी केलेल्या निगेने आणि चोख हिशेबाने. हे काम जो सचोटीने करील, त्याला कामाची वाण पडणार नाही.