रिक्षाचं भाडं लिहायचं राहिलं तर

नवीन पनवेलमधल्या एका क्लासमध्ये पायथन शिकवताना मी उदाहरण घेतो ते स्टेशनबाहेरचंच. 'प्रवास' हा मूळ क्लास, त्यात 'भाडे' ही मेथड, आणि त्याचा वारसा घेणारे तीन क्लास: एसटी, लोकल, रिक्षा. एसटीचं भाडं टप्प्यावर, रिक्षाचं मीटरवर (निदान कागदोपत्री). मूळ क्लासला हे हिशेब ठाऊक असायचं कारण नाही. त्याने एवढंच बजावायचं, की भाडं प्रत्येकाला सांगता आलंच पाहिजे.

पण बजावायचं कसं? बरीच मुलं मूळ मेथडमध्ये नुसतं 'पास' लिहितात. मग रिक्षाची मेथड लिहायची राहिली तरी प्रोग्रॅम चालतो आणि भाड्याच्या जागी 'नन' छापून मोकळा होतो. थोडी पुढची मुलं तिथे 'नॉटइम्प्लिमेंटेडएरर' टाकतात. हे बरं, पण कुणी रिक्षाचं भाडं विचारेपर्यंत ती एरर गप्प बसते. चाचणीत सगळ्यांनी लोकलच निवडली, तर चूक थेट गिऱ्हाइकाच्या पुढ्यात.

2008 साली पायथन 2.6 सोबत 'एबीसी' मॉड्यूल आलं ते यासाठीच. मूळ क्लासला 'एबीसी'चा वारसा द्यायचा आणि मेथडच्या डोक्यावर 'ॲब्स्ट्रॅक्टमेथड' लिहायचं. क्लास तयार होतानाच न लिहिलेल्या मेथडांची नावं टिपून ठेवली जातात. रिक्षाचा ऑब्जेक्ट मागितला, की पायथन ती यादी बघतो आणि टाइपएरर देतो. भाडं विचारायची वेळच येत नाही. जावा शिकून आलेल्यांना हेही उशिराचंच वाटतं, कारण तिथे कंपायलरच अडवतो.

वर्गात मी मुद्दाम कंसातला 'एबीसी' खोडतो, खालचं 'ॲब्स्ट्रॅक्टमेथड' तसंच ठेवतो आणि प्रोग्रॅम चालवतो. एरर गायब! वरची ओळ नसेल तर खालच्या ओळीला काडीचा अर्थ नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली मुलं सहसा विसरत नाहीत.

तरी पळवाट उरतेच. पायथन फक्त नाव आहे का ते बघतो. आत काय लिहिलंय, किती पॅरामीटर घेतलेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रिक्षा क्लासमध्ये 'भाडे' लिहून आत 'पास' टाकलं, की एरर गेली आणि 'नन' परत आलं. त्यामुळे प्रत्येक क्लाससोबत भाड्याचा आकडा तपासणारी एक चाचणी मी लिहून घेतो. ती नसेल तर प्रोग्रॅम तपासायला घेत नाही.