आवाज बसतोय? 'ॲसिडिटी असेल' म्हणून गोळी घेण्याआधी हे वाचा

आज मार्जिन नाही, मार्केटिंग नाही. आज बोलायचंय तुमच्या अशा भांडवलाबद्दल, ज्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. तुमचा आवाज.

पंचवटीत एक फेरफटका मारा. मार्केट यार्डातला लिलाव, गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, रामकुंडाजवळची प्रसादाची दुकानं. सगळीकडे माल आवाजावर विकला जातो. आवाज बसला की धंदा बसला, इतकं सरळ गणित आहे.

आमच्या बॅचमधला एक भाऊ बुधवारच्या बाजारात प्लास्टिकचे डबे विकतो. त्याचा आवाज घोगरा झाला. कोणीतरी म्हणालं, "ॲसिडिटी घशाशी येते." झालं! मेडिकलमधून गोळ्या आणून तीन महिने खाल्ल्या. फरक शून्य. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं, तर स्वरतंतूंवर ओरडून ओरडून आलेल्या छोट्या गाठी. ॲसिडचा संबंधच नव्हता.

आणि माझं उलटं. सतत खाकरणं, सकाळी आवाज जड. मला वाटायचं, बोलून बोलून होतंय. तपासण्या झाल्यावर कळलं, ॲसिड घशापर्यंत येत होतं. तक्रार दोघांची जवळपास सारखी, कारण मात्र वेगळं. म्हणून आजचा मुद्दा एकच: आधी घसा बघून घ्या, गोळी नंतर.

घशापर्यंत ॲसिड येतं कसं?

अन्ननलिकेला दोन दारं असतात. एक खाली, जठराच्या तोंडाशी. दुसरं वर, घशाजवळ. खालचं दार सैल पडलं की जठरातलं ॲसिड वर येतं आणि छातीत जळजळतं. ही आपल्या ओळखीची ॲसिडिटी. पण वरचं दारही ओलांडलं गेलं तर ॲसिड आणि त्यासोबत पेप्सिन नावाचा पाचकरस थेट स्वरयंत्राजवळ पोहोचतो. अन्ननलिका असा मारा थोडाफार सोसते, स्वरयंत्राची नाजूक त्वचा सोसत नाही. म्हणून थोडंसं ॲसिडही तिथे त्रास देतं. बऱ्याच जणांना छातीत जळजळ होतच नाही, त्यामुळे पोटाचा संशय येत नाही. डॉक्टर याला 'एलपीआर' म्हणतात.

पायरी १: स्वतःचा हिशेब मांडा

२००२ मध्ये अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांनी नऊ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. गेल्या महिन्याभराचा विचार करून प्रत्येक त्रासाला ० ते ५ गुण द्यायचे. ० म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे खूपच.

१. आवाज घोगरा होणं
२. सारखं खाकरावं लागणं
३. घशात जास्त कफ, किंवा नाकातून घशात उतरणारा शेंबूड
४. गिळायला त्रास
५. जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला
६. श्वास अडकणं, ठसका लागणं
७. त्रासदायक खोकला
८. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं
९. छातीत जळजळ, दुखणं, आंबट ढेकर किंवा अपचन

एकूण गुण ४५. बेरीज १३ च्या वर गेली तर एलपीआरचा संशय घेतात. पण लक्षात ठेवा, हा फक्त संशय आहे. धुळीची ॲलर्जी, सायनस, सिगारेट यांनीही एवढे गुण सहज होतात.

सोबत दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. आवाज सकाळी जास्त खराब आणि दिवसा सुधारतो? मग रात्री आडवं झाल्यावर ॲसिड येत असेल, अशी शंका घेता येते. सकाळी ठीक आणि बाजार संपेपर्यंत बसतो? मग आवाजावरचा ताण आधी तपासायला हवा. रात्री किती वाजता जेवलात आणि किती वाजता पाठ टेकली, तेही लिहा. ही वही डॉक्टरांना खूप उपयोगी पडते.

पायरी २: दुर्बिणीने तपासणी

गंमत बघा. जिवंत माणसाचं स्वरयंत्र आरशात नीट पाहून त्याचं काम समजावून सांगणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता! मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये छोट्या आरशात स्वतःचाच घसा पाहिला. आज तेच काम बारीक दुर्बिणीने ओपीडीत काही मिनिटांत होतं. आपल्याकडे आडगावच्या मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणीही कान-नाक-घशाचा विभाग असतो.

या तपासणीत गाठी, सूज, लकवा, कॅन्सर हे दिसतं. मात्र घसा लाल दिसला म्हणजे ॲसिडच, असं नाही. निरोगी लोकांच्या घशातही अशी लाली दिसते. पोटाची एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून ॲसिड घशाशी येत नाही, असंही नाही.

पायरी ३: तरीही शंका असेल तर

नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत २४ तास ठेवतात. ॲसिड किती वेळा आणि किती वर येतं, त्याची नोंद होते. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, पण अंदाजाऐवजी आकडे हातात येतात.

"मग गोळी खाऊनच बघू, बरं वाटलं तर ॲसिड!" असं बरेच जण म्हणतात. पण ब्रिटनमध्ये घशाचा असा त्रास असलेल्या ३४६ लोकांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. १६ आठवडे ॲसिड कमी करणारी गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे, दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे गोळीने बरं वाटलं, एवढ्यावरून निदान पक्कं होत नाही. छातीत जळजळही असेल तर डॉक्टर गोळी देऊन पाहतात. तो निर्णय त्यांचा, मेडिकलवाल्याचा नाही.

इथे थांबू नका

आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर घसा तपासून घ्यायलाच हवा. तंबाखू, गुटखा, मिसरी, बिडी यातलं काही घेत असाल तर चार आठवडेसुद्धा थांबू नका. थुंकीतून रक्त, मानेत गाठ, गिळताना अडकणं, एका कानात दुखणं, वजन उतरणं, यातलं काही असेल तर लगेच जा. श्वास घेताना आवाज येत असेल तर त्याच दिवशी. अशा वेळी 'ॲसिडिटी असेल' म्हणून घालवलेले तीन महिने फार महाग पडतात.

आजपासून काय कराल?

रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. दुकान उशिरा बंद होत असेल तर दुकानातच लवकर जेवून घ्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या. आणि ओरडणं कमी करा: भाव रेकॉर्ड करून छोट्या स्पीकरवर लावा, गिऱ्हाईक जवळ आलं की मग बोला.

गल्ल्यात रोज दोनशे रुपये कमी भरले तर आपण आधी तूट कुठे आहे ते शोधतो ना? की सरळ नवीन गल्ला विकत आणतो? घशाचंही तसंच. आजचं काम: वरचे नऊ प्रश्न सोडवा, बेरीज वहीत लिहा आणि तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, आवाज सांभाळा!