कुकू घड्याळ मालवणात मागे का पडते?

मालवणजवळच्या एका जुन्या घराच्या माळ्यावर मला जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातले कुकू घड्याळ मिळाले. फ्रीडरिश आयझेनलोर यांनी १८५० मध्ये रेल्वेच्या चौकीदाराच्या घरावरून जो नमुना आखला, त्याच घाटाची ही लाकडी पेटी. "आतले सगळे काढून सेलचे मशीन बसवून देतो," असे दुरुस्ती करणारा म्हणाला. ते स्वस्त पडले असते, पण लंबक शोभेपुरता उरला असता आणि जुना पक्षी कायमचा मुका झाला असता.

आत पाहिले तर मोडलेले काहीच नव्हते. साखळ्या खाऱ्या वाऱ्याने गंजल्या होत्या. चाकांच्या आसांच्या टोकांशी कोणीतरी खोबरेल घातले होते. धूळ बसून त्याचा चिकट राप झाला होता. सगळे रॉकेलने धुऊन कोरडे केले आणि आसांच्या टोकांना घड्याळाचे तेल टिपक्याएवढेच लावले. दात्यांना तेल लावायचे नसते. तेथे ते धूळ धरून ठेवते आणि ती धूळ पितळ झिजवते.

आवाज पक्ष्याच्या चोचीतून येत नाही, हे मुलांना दाखवण्याजोगे आहे. पेटीत दोन लाकडी शिट्ट्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एक छोटा भाता. तार भात्याचे झाकण उचलून सोडते, ते स्वतःच्या वजनाने खाली येते आणि हवा शिट्टीत शिरते. एका टोकाला बंद असलेल्या नळीत मूळ स्वराची तरंगलांबी नळीच्या सुमारे चौपट असते. म्हणून लांब शिट्टीचा स्वर खालचा. (पेनांच्या लहानमोठ्या टोपणांवर फुंकून पाहा.) युरोपातला कुकू वरच्या स्वरावरून खाली उतरतो, आपला कोकिळ मात्र चढत जातो. इथल्या पावसाळ्यात भात्यांचा सरस सुटला होता, कागद कसरीने खाल्ला होता. पातळ चामड्याच्या नव्या घड्या चिकटवल्यावर पक्षी बोलू लागला.

आता खरी गंमत. तिकडे अचूक चालणारे घड्याळ जसेच्या तसे मालवणात टांगले तर ते मागे पडेल. १६७२ मध्ये झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचे पॅरिसमध्ये लावलेले घड्याळ विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, या प्रतिपादनासाठी न्यूटनने हा पुरावा वापरला.

ब्लॅक फॉरेस्ट ४८ अक्षांशावर, मालवण १६ वर. इथे गुरुत्वत्वरण कमी, म्हणून लंबकाचा दोलनकाल जास्त. डोंगराची उंची जमेस धरूनही गणिताने फरक दिवसाला दीड मिनिटाहून थोडा अधिक येतो. लंबक २० सेंटिमीटरचा मानला, तर त्यावर उपाय म्हणून त्याची चकती जेमतेम अर्धा मिलिमीटर वर सरकवावी लागते. बोटाने एवढे नेमके जमत नाही. थोडे सरकवावे, चोवीस तास थांबावे, रेडिओच्या वेळेशी ताडून फरक वहीत मांडावा आणि पुन्हा सरकवावे.