चार कोटी जंतू, वजन ४० मायक्रोग्रॅम

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रेल्वेसाठी जोडून २६० मीटर लांब केलेले रूळ बाहेर पडतात. मूत्रमार्गाच्या संसर्गामागे बहुतेक वेळा असतो तो ई. कोलाय जंतू जेमतेम २ मायक्रॉनचा. अशा एका रुळाइतकी लांब रांग लावायला १३ कोटी जंतू लागतील.

बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये संसर्गाची सीमा आखली: १ मिलिलिटर लघवीत १ लाख जंतू. मूत्राशयात ४०० मिलिलिटर लघवी धरली, तर ४ कोटी. त्यांची रांग ८० मीटर, वजन मात्र अवघे ४० मायक्रोग्रॅम. एवढे असूनही लघवी स्वच्छ दिसू शकते.

प्रयोगशाळेत १ मायक्रोलिटरच्या लूपने नमुना प्लेटवर पसरतात; हेच कल्चर. दुसऱ्या दिवशी १०० ठिपके उगवले, की मिलिलिटरला लाख झाले. कोणते औषध लागू पडेल हे कळायला आणखी एक दिवस. जगात २०१९ या एका वर्षात मूत्रमार्गाचे संसर्ग ४० कोटींवर गेले, असा अंदाज आहे. शिवाय कल्चरला आलेल्या बऱ्याच नमुन्यांत काहीच उगवत नाही. खर्च आणि दिवस दोन्ही वाया.

म्हणून आधी स्वस्तातली चाळणी हवी. लघवीत बुडवायची पट्टी दोन मिनिटांत नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींचा सुगावा देते. पण नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते आणि काही जंतू ते बनवतच नाहीत. त्याहून भरवशाचा ग्रॅम स्टेन. सेंट्रिफ्यूज न केलेल्या लघवीचा थेंब रंगवून हजारपट मोठा करून पाहायचा. दर दृश्यात सरासरी एक जंतू दिसला, तरी मिलिलिटरमागे लाखभर आहेत असे समजायचे. लागतो तो सूक्ष्मदर्शक, थोडे रंग आणि काही मिनिटे.

गरोदरपणी २ ते १० टक्के स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना इतके जंतू सापडतात. देशात वर्षाला सव्वादोन कोटींवर बाळंतपणे होतात. म्हणजे किमान साडेचार लाख जणी. गरोदर स्त्रियांसाठी कल्चरच करावे, ती सोय नसेल तर पट्टीपेक्षा ग्रॅम स्टेन बरा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चाचणी कोणतीही असो, नमुना ताजा हवा. अनुकूल उबेत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतात; हजाराचे सव्वा लाख व्हायला २ तास २० मिनिटे पुरतात. भिलाईच्या मे महिन्यात तर उबेला तोटा नाही. तेव्हा उन्हाळी लागली म्हणून नमुना द्यायचा झाला, तर मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत घ्या आणि दोन तासांच्या आत पोहोचवा. नाहीतर डबी फ्रिजमध्ये ठेवा.